तारीखताई

वकिलीची पदवी घेतलेल्या माणसाला नोकरी मागायला निघताना सगळ्यात आधी एक गोष्ट शिकावी लागते. आपण आजवर काहीच केलेलं नाही, हे भारदस्त शब्दांत कसं लिहायचं ती. माझ्या अर्जात मी लिहिलं होतं, 'न्यायालयीन कामाचा तीन वर्षांचा अनुभव.' यात खोटं काही नव्हतं. तीन वर्षं मी रोज सकाळी साडेदहाला कोर्टात जात होते आणि तिथे उभी राहत होते. उभं राहून काय करत होते, ते कुणी विचारत नव्हतं तोवर सगळं ठीक होतं.

आमचे साहेब एकाच सकाळी तीन कोर्टांत तीन कामं घेतात. माणूस एकच असल्यामुळे उरलेल्या दोन ठिकाणी ते मला पाठवतात. मला दोन वाक्यं येतात. जेवणाच्या सुट्टीआधी म्हणायचं, "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, काम थोडं मागे ठेवावं." सुट्टीनंतर म्हणायचं, "साहेब येऊ शकत नाहीत, पुढची तारीख मिळावी." मग समोरचा वकील खुर्चीतून अर्धवट उठून "हरकत नाही" म्हणतो आणि पुन्हा बसतो, कारण उद्या त्यालाही तारीख हवी असते. या देवाणघेवाणीला आमच्यात सौजन्य म्हणतात. पक्षकाराला यातलं काय वाटतं हे विचारण्याची पद्धत नाही. कोर्टातल्या टंकलेखक बाईंनी माझं नाव तारीखताई ठेवलं होतं आणि ते शिपायापासून वकिलांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. माझं खरं नाव रोजनाम्यात तेवढं लिहिलं जायचं. कुठल्या तारखेला कोर्टात काय झालं आणि कुणी काय मागितलं याची नोंद त्यात होते.

साहेबांचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावरच्या एका खोलीत आहे. दोन खुर्च्यांवर फायली, तिसरीवर साहेब, आणि मी झेरॉक्स मशीनशेजारच्या स्टुलावर. मशीन चालू झालं की पाठ शेकून निघते. खोलीभर पुस्तकांची कपाटं आहेत. पुस्तकं साहेबांच्या सासऱ्यांची, म्हणजे ज्ञानही सासरकडून आलेलं, आणि तेही कुलूपबंद. साहेबांना कोणी काही विचारलं की ते डोळे मिटून "बघू" म्हणतात आणि समोरच्याला वाटतं, किती विचार करतात. मला तीन वर्षं लागली हे कळायला, की ते खरोखरच काही विचार करत नाहीत.

घरी वेगळी तऱ्हा नव्हती. आई शेजारीपाजारी सांगायची, "आमची मुलगी कोर्टात असते." दादा विजेची कामं घेतो. तो एकदा जेवताना म्हणाला होता, "मी पंखा लावला की संध्याकाळपर्यंत तो फिरतो. तुझं काय फिरतं?" वहिनी हसली, मग मला वाईट वाटेल म्हणून खाली मान घालून पुन्हा हसली. अडाणी माणसाच्या तोंडी कोण लागणार, असं तेव्हा मनाशी म्हटलं होतं. प्रश्न मात्र अगदी शहाण्यासारखा होता आणि म्हणूनच झोंबला होता.

तर मला सुटायचं होतं. त्या स्टुलावरून, त्या दोन वाक्यांतून, तारीखताई या नावातून. दुसरी नोकरी, तीही बसायला खुर्ची असलेली, एवढंच मागणं होतं. आणि ती मला मिळायलाच हवी असं मला वाटत होतं, कारण माझ्याइतकी हुशार मुलगी त्या कोर्टाच्या आवारात दुसरी नव्हती असं माझं मत होतं.

पहिल्यांदा गेले ती काचेच्या भिंतींची फर्म. आत दहा जण एका ओळीत बसून भाडेकरार वाचत होते. दहाही पदवीधर आणि दहाही कानाला हेडफोन लावून. फर्मच्या भागीदार बाई म्हणाल्या, "आम्ही इथे एक कुटुंब आहोत." कुटुंबातल्या एकानेही मान वर केली नाही. मला एका खोलीत बसवून त्यांनी परीक्षा घेतली. सदोष माल पाठवणाऱ्या पुरवठादाराला अर्ध्या पानाची नोटीस लिहायची होती. मी झरझर लिहिली. बाई वाचू लागल्या, शेवटाला आल्या आणि थांबल्या. मग त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली, "सबब, पुढील तारीख देण्यात यावी ही विनंती."

हात आपोआप तिकडे गेला होता. तीन वर्षं प्रत्येक कागदाखाली जे लिहीत होते ते याही कागदाखाली लिहून मोकळी झाले होते. बाईंनी हसू दाबलं आणि "कळवू" म्हणाल्या. मी जिना उतरताना त्यांच्या फर्मला, त्यांच्या काचांना आणि त्या दहा भाडेकरार वाचणाऱ्यांना मनातल्या मनात यथेच्छ नावं ठेवली. लायकी नसलेल्या लोकांनी आपली परीक्षा घ्यावी, यासारखा दुसरा अपमान नाही. असं मी आईला सांगितलंही. आई म्हणाली, "हो ना. पण तू लिहिलंस काय?" मी पाणी प्यायला उठून गेले.

दुसरी जागा औषधं बनवणाऱ्या कंपनीत निघाली, त्यांच्या विधी विभागात. या कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात आमचे साहेब वकील होते, म्हणजे पर्यायाने तिथे मी उभी राहत होते. हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नसेल असा माझा अंदाज होता, कारण तीन वर्षांत कोर्टात माझ्याकडे कुणी धड पाहिलंही नव्हतं.

त्या दाव्यातल्या पक्षकार बाई एकोणीस वर्षं त्या कंपनीच्या पॅकिंग विभागात होत्या. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या उजेडासमोर धरून तपासायच्या आणि कागदावर सही करायची, हे त्यांचं काम. एकदा घाईच्या दिवशी सुपरवायझरने न तपासलेल्या बाटल्यांवर सही करायला सांगितली. बाई नाही म्हणाल्या. दोनदा सांगितलं, दोनदा नाही म्हणाल्या. उद्धटपणाचा ठपका ठेवून कंपनीने त्यांना काढून टाकलं, आणि आपल्याला कामावर परत घ्यावं म्हणून बाई कोर्टात आल्या. प्रत्येक तारखेला त्या वेळेआधी अर्धा तास येत, कापडी पिशवी मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसत, आणि मी दिसले की विचारत, "ताई, आज होईल ना?" या प्रश्नाचा मला मनस्वी कंटाळा होता. खरं सांगायचं तर बाईंचाच कंटाळा होता. केली असती एक सही तर काय आभाळ कोसळलं असतं, असं मला वाटायचं. मी स्वतः दिवसाला वीस कागदांवर न वाचता सह्या करत होते.

कंपनीच्या विधी विभागाचे प्रमुख वाळक्या अंगाचे होते आणि त्यांच्या टेबलावर थर्मास होता. त्यातून ते झाकणात गरम पाणी ओतत आणि चहा प्यावा तसं फुंकर मारून पीत. मी मनात त्यांचं नाव थर्मास ठेवून टाकलं. खोली नीटनेटकी होती. खुर्ची मऊ होती. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं, की मला करारांच्या कामात रस आहे, मी मेहनती आहे, दबावाखाली शांत राहते. थर्मास ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांनी एक फाइल उघडून माझ्याकडे फिरवली. ती त्या बाईंच्या दाव्याची फाइल होती. वरच रोजनाम्याची नक्कल.

आता हे हाकलून देणार, असं वाटलं.

"या कामात आतापर्यंत चोवीस तारखा झाल्या," ते म्हणाले. "त्यातल्या सतरा तुम्ही मागून घेतल्यात. प्रत्येक ठिकाणी तुमचं नाव आहे. बघा."

मी पाहिलं. माझं खरं नाव सतरा वेळा लिहिलेलं होतं. इतक्या वेळा ते मी आजवर कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं.

मी काहीतरी सारवासारव करायला लागले. साहेब दुसऱ्या कोर्टात असतात, कामाचा बोजा असतो, वगैरे. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. रागावून नव्हे. चक्क मायेने. मग शिकवणी घेतल्यासारखं त्यांनी मला समजावून सांगितलं. बाईंची बाजू पहिल्यापासून पक्की होती. त्यांच्या सुपरवायझरची उलटतपासणी कोणी नीट घेतली असती तर पहिल्याच वर्षी निकाल लागला असता आणि कंपनीला त्यांना कामावर परत घ्यावं लागलं असतं. आणि एकीला घेतलं की उद्या पॅकिंगमधली प्रत्येक जण सही करायच्या आधी बाटली बघत बसली असती. पण कंपनीचं निवृत्तीचं वय अठ्ठावन्न. बाई काढल्या तेव्हा चौपन्नच्या होत्या.

"पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला अठ्ठावन्न पूर्ण होतील," ते म्हणाले. "त्यानंतर परत घेण्याचा प्रश्नच राहत नाही. कुठे घेणार? थोडंफार देऊन मिटवून टाकू. आमच्या वकिलाला गेल्या तीन वर्षांत फारसं काही करावंच लागलं नाही. सगळं तुम्ही केलंत."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. माणूस मनापासून कौतुक करत होता. ते म्हणाले, "चिकाटी लागते याला. कंटाळा न करता उभं राहावं लागतं." माझ्या कामाचं कुणी कौतुक केल्याची ती पहिलीच वेळ. त्या दाव्याच्या फाइलला मला हात लावावा लागणार नाही, नियम म्हणजे नियम, असंही त्यांनी सांगितलं. दुसऱ्या फायली भरपूर होत्या. नेमणुकीचं पत्र तयार होतं. उत्तर गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत हवं होतं.

त्याच गुरुवारी बाईंची पंचविसावी तारीख होती.

बसमध्ये मी थर्मासला शिव्या देऊन पाहिल्या. बसेनात. मग साहेबांना दिल्या, त्या नेहमीच्या असल्यामुळे त्यांना धार उरली नव्हती. ऑफिसात पोचून मी आमची फाइल काढली. तीन वर्षं ती काखेत मारून हिंडत होते. तिसऱ्याच पानावर बाईंची जन्मतारीख होती. मी ते पान कधी उलटलं नव्हतं. तारीख मागायला फाइल वाचावी लागत नाही.

तिथून पुढे आलेला राग मात्र खरा होता आणि तो फक्त माझ्यावर होता. मी स्वतःला हुशार समजत होते. कोर्टातल्या प्रत्येकाला मी आतून हसत होते. साहेब ढोंगी, वकील आळशी, पक्षकार बावळट, दादा अडाणी, असं माझं चाललेलं. आणि त्या सगळ्या वेळात जे एकमेव काम पूर्णपणे तडीस गेलं होतं ते मी केलं होतं, ते समोरच्या पक्षाचं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

बुधवारी मी साहेबांना विचारलं की उद्या तुम्ही येणार का. ते डोळे मिटून म्हणाले, "बघू." मग डोळे उघडून म्हणाले, "तारीख घ्या." मी म्हटलं, उलटतपासणी मी घेते. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू झेरॉक्स मशीन बोललं. मग हसले आणि म्हणाले, "घ्या की." दुपारभर बसून मी सुपरवायझरला विचारायचे अकरा प्रश्न काढले. त्या दिवशी किती बाटल्या आल्या, किती वाजता आल्या, एक बाटली तपासायला किती वेळ लागतो, मग तेवढ्या वेळात त्या सगळ्या तपासून होणं शक्य होतं का. चांगले प्रश्न होते. इतके सरळ, की तीन वर्षांपूर्वी कोणीही विचारू शकलं असतं.

गुरुवारी बाई मागच्या बाकावर होत्या. पिशवी मांडीवर. त्यांनी विचारलं, "ताई, आज होईल ना?" आणि मी पहिल्यांदा म्हटलं, "होईल."

कामाचा पुकारा झाला. मी उभी राहिले. मी तोंड उघडायच्या आत न्यायाधीशांनी मान खाली घालून टंकलेखक बाईंना सांगायला सुरुवात केली होती, "अर्जदारातर्फे मुदत..." आणि समोरचे वकील अर्धवट उठून "हरकत नाही" म्हणून बसलेही होते.

मी म्हटलं, "मुदत नको. आम्ही उलटतपासणीला तयार आहोत."

न्यायाधीशांनी वर पाहिलं. टंकलेखक बाईंचे हात थांबले. समोरच्या वकिलांना आपण चुकून कुठल्या दुसऱ्या कोर्टात येऊन बसलो की काय असं वाटलेलं दिसलं. मग ते पूर्ण उठले, कितीतरी दिवसांनी, आणि म्हणाले की साक्षीदार आलेलाच नाही. तीन वर्षांत अर्जदाराकडून कधी कोणी तयार नव्हतं, म्हणून त्याला फॅक्टरीतून आणलंच नाही. मी म्हटलं, मग उद्या आणा, परवा आणा, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला माझ्या पक्षकार निवृत्तीच्या वयाला पोचतात. वकील म्हणाले, "तीन वर्षांत एकदाही घाई नव्हती. आज अचानक?" त्यात कुत्सितपणा नव्हता. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

न्यायाधीशांनी रोजनामा उलटून पाहिला. एकेक पान. मला ती पानं पाठ होती. त्यांनी मला सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले की दोन्ही बाजूंची गैरसोय नको, आणि त्यांच्याकडची पहिली मोकळी तारीख दिली. ती अडीच महिन्यांनंतरची होती. समोरचे वकील म्हणाले, "हरकत नाही."

बाहेर व्हरांड्यात बाई माझ्यामागून आल्या. त्यांचा चेहरा चक्क खुलला होता. त्या म्हणाल्या, "आज तुम्ही बोललात. छान बोललात." मी त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. अडीच महिन्यांनी त्यांचं वय उलटलेलं असेल हे सांगितलं. कंपनीत मुलाखतीला गेले होते हेही सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, "चोवीसातल्या सतरा तारखा मी मागितल्या, बाई. तुमच्या विरुद्धच्या लोकांनी नाही. मी."

"माहीत आहे की," बाई म्हणाल्या. "मी तिथेच बसलेले असायचे ना."

मी काखेतली फाइल काढून बाकावर ठेवली.

"मला वाटायचं, त्यात आपलंच काहीतरी भलं असेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकलेल्या. उगीच का दर वेळी मागतील? त्यातलं मला काय कळतंय."

त्यांनी पिशवीचे बंद उगीचच सोडून पुन्हा बांधले. मला वाटलं आता रडतील, आणि मी त्याला तयारही होते. मला ते हवंच होतं. पण त्यांनी विचारलं, "मग नोकरी दिली का तुम्हाला?"

मी म्हटलं, देतायत, पण मी घेणार नाही. हे वाक्य मी बसमध्ये ठरवलं होतं आणि ते म्हणताना मला जरा बरंही वाटलं. बाई माझ्याकडे लहान मुलीकडे पाहावं तसं पाहू लागल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. "हातची नोकरी सोडू नये कुणी. घरी बसणं फार वाईट असतं ताई, मी चार वर्षं बघतेय. तुम्ही नाही म्हणून मला थोडीच घेणार आहेत?" मग त्या म्हणाल्या, "तिथे पॅकिंगमध्ये खिडकीपाशी माझं टेबल होतं. उजेड चांगला यायचा. आता कोण बसतं तेवढं बघा. आणि ती बाटल्या नीट बघते का, तेवढं सांगा मला."

पाच वाजायला दहा मिनिटं असताना मी थर्मासना होकार कळवला. नकार दिला असता तर ही गोष्ट सांगायला मला जास्त आवडलं असतं.

घरी आईने शेजारीपाजारी सांगितलं. दादाने माझ्या खोलीतला पंखा स्वतःहून दुरुस्त करून दिला आणि वहिनीने नवी पर्स आणली. साहेबांनी माझ्या जागी एक मुलगी घेतली आहे. ती हुशार आहे म्हणतात. त्या दाव्याच्या फाइलला मी हात लावलेला नाही, नियम म्हणजे नियम. वीस तारीख आली आणि गेली. ती नवी मुलगी पुढच्या तारखेला काय मागणार, ते आमच्या विभागात सगळ्यांना माहीत आहे.

माझी खुर्ची मऊ आहे. काम करारांचं आहे आणि मी ते वाचून करते. कॅन्टीन खालच्या मजल्यावर आहे. तिकडे जायला पॅकिंग विभागातून सरळ वाट आहे, दोन मिनिटांची. मी मागच्या जिन्याने इमारतीला वळसा घालून जाते.